एक बॉक्स, दोन टीव्ही

“वरची वायर कापून टाकू का, काका?”

इलियास आमच्या स्वयंपाकघरात स्टुलावर उभा होता. हातात पक्कड होती. खांबावरून आलेली केबलची काळी वायर आमच्याकडं ओट्यावरच्या झरोक्यातून आत येते. तिथंच तेव्हा बोटाएवढी एक डबी होती आणि त्या डबीतून दोन वायरी निघायच्या. एक बाहेरच्या खोलीत माझ्या टीव्हीला. दुसरी झरोक्यातून परत बाहेर पडून वरच्या मजल्यावर, माझ्या धाकट्या भावाच्या टीव्हीला.

“कशाला कापायची?” मी विचारलं.

“एकतीस तारखेनंतर ही डबी काही कामाची नाही. सगळं डिजिटल होतंय, सरकारचा नियम आहे. आता प्रत्येक टीव्हीला एक बॉक्स. एका वायरीवर दोन घरं चालायची ते बंद. तुम्ही तुमचा बॉक्स घ्या, वरचे त्यांचा घेतील. नाहीतर गच्चीवर डिशची छत्री लावा. आज आलोच आहे तर वायर गोळा करून नेतो.”

शालन, माझी बायको, भाकरी थापत होती. तिनं काटवटीतून हात काढले. पिठाचे हात तसेच कमरेवर ठेवून ती स्टुलापाशी आली.

“इलियास, खाली उतर.”

“काकू, आज ना उद्या काढायचीच आहे.”

“एकतीस तारीख म्हणालास ना? आज दहा आहे. एकवीस दिवस ती वायर चालू आहे. तिला हात लावायचा नाही.”

इलियास उतरला. माझ्याकडं बघून हसला. मी हसलो नाही, कारण शालनचा आवाज मला माहीत होता.

ही दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. घर इचलकरंजीतलं. खाली दोन खोल्या माझ्या, वर दोन खोल्या सुधाकरच्या, जिना बाहेरून. मी मागाच्या कारखान्यात जॉबर होतो. जॉबर म्हणजे माग बिघडला की तो चालू करून देणारा माणूस. सुधाकर सूतगिरणीत टाइमकीपर होता. आम्ही दोघं भाऊ तेव्हा चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो. पाण्याची मोटर वेगळी केली होती, लाइटचा मीटर वेगळा केला होता, गणपतीसुद्धा वेगळा बसवला होता. केबलची वायर तेवढी राहिली होती. ती कुणाच्या लक्षात आली नव्हती म्हणा, किंवा लक्षात असून कुणी बोललं नव्हतं म्हणा. इलियास महिन्याला दोन्हीकडून अर्धे पैसे घेऊन जायचा.

भांडण माझ्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेवरून झालं. पत्रिकेत खाली ‘आपले विनीत’ म्हणून घरच्यांची नावं असतात. माझ्या मुलीच्या पत्रिकेत मुलीच्या मामांची नावं होती, आत्यांच्या यजमानांची होती, कारखान्यातल्या एका दोस्ताचंही होतं. सख्ख्या चुलत्याचं नव्हतं. छापखान्यानं गाळलं, मी सगळ्यांना सांगितलं. सुधाकर लग्नाला आला. मांडवात पाहुण्यांच्या खुर्चीवर बसला, पाकिटावर आपलं पूर्ण नाव घालून आहेर दिला, जेवला आणि पाठवणीच्या आधी निघून गेला. त्या दिवसापासून जिन्यात गाठ पडली तरी तो भिंतीकडं बघायचा.

तर एकवीस दिवस होते.

खरं सांगायचं तर मला त्या डिजिटलचा भयंकर उत्साह आला. यंत्र म्हटलं की मी असाच. आमचा टीव्ही जुना, मागं पोट असलेला, आणि चित्रात कायम मुंग्या. हवामान खराब असलं की माणसांना दोन-दोन डोकी दिसायची. इलियास म्हणाला होता की बॉक्स लावला की याच टीव्हीवर आरशासारखं दिसेल. मी दुसऱ्याच दिवशी कारखान्यातून डिझाइन काढायचा चौकटीचा कागद आणला आणि पट्टीनं रकाने आखले. एका रकान्यात केबलचा बॉक्स, दुसऱ्यात महिन्याला रिचार्ज मारायची छत्री, तिसऱ्यात ती फुकटवाली छत्री, जिला एकदाच पैसे भरले की पुन्हा काही लागत नाही. खाली लिहीत गेलो. किती चॅनेल, मराठी किती, पावसात काय होतं, बिघडलं तर कोण येतं.

“परीक्षेला बसताय काय?” शालन म्हणाली.

“एकदा घ्यायची वस्तू. नीट बघून घ्यावी.”

“माझ्या वेळी एवढा कागद केला होता का?”

“तुझ्या वेळी एकच चॅनेल होतं,” मी म्हणालो. तिनं मला लाटण्याचा धाक दाखवला.

रविवारी आम्ही दोघं मेन रोडवरच्या एका दुकानात गेलो. भिंतीवर आठ-दहा टीव्ही, सगळ्यांवर एकच वाघ चालत होता. त्याच्या मिशा मोजता येत होत्या. मी तोंड उघडं ठेवून बघत होतो. दुकानदार पोरगेलासा होता, पण बोलायला तयार.

“काका, हे घ्या. चारशे चॅनेल.”

“आम्ही दोघंच आहोत,” शालन म्हणाली. “चारशे कोण बघणार?”

“अहो मावशी, असू देत. नाही बघितले तर सडत नाहीत.”

मी त्याला कागदावरचे प्रश्न विचारत गेलो. फुकटवाल्या छत्रीत शालनची मालिका दिसत नव्हती. मालिकावाली छत्री महिन्याला महाग पडत होती. दुकानदार कॅल्क्युलेटरवर बोटं नाचवत होता. मध्येच शालननं विचारलं, “एका छत्रीवर दोन टीव्ही चालतील?”

“चालतील की. दुसऱ्या टीव्हीला दुसरा बॉक्स घ्यायचा.”

“म्हणजे एका टीव्हीवर एक दिसणार, दुसऱ्यावर दुसरं?”

“हेच तर भारी आहे ना मावशी. कुणाचं कुणावाचून अडत नाही.”

“मग नको,” शालन म्हणाली आणि पायरी उतरून रस्त्यावर गेली.

मला वाटलं पैशाचं बघतेय. वाटेत म्हणालो, “अगं, वरच्यांच्या टीव्हीचं आपल्याला काय पडलंय? त्यांचं ते बघतील.”

“तुम्हाला पडलेलं नाही हे दिसतंयच.”

“मग बोल ना स्पष्ट.”

“बोललं की तुम्ही छापखान्यापासून सुरू करता,” ती म्हणाली. “आता एक वायर राहिली आहे. ती मी असताना कापली जाणार नाही. तुमचा तो कागद घेऊन बसा आणि असं काहीतरी शोधा.”

मग मला त्या कागदावर आणखी एक रकाना आखावा लागला.

वीस तारखेला वरच्या जिन्यात सुधाकरचा आवाज आला. तो इलियासशी बोलत होता, पण आवाज आमच्या दाराकडं सोडलेला होता.

“आम्ही आमची छत्री लावणार. आम्हाला कुणाच्या डबीतनं काही नको.”

मग त्याच्या बायकोचा, सुवर्णाचा आवाज. “छत्री लावा खुशाल. वारं सुटलं की गच्चीवर चढून ती फिरवत कोण बसणार? मला जिना चढला की दम लागतो. मला केबलच हवी.”

“मग केबलचा बॉक्स घेऊ. इलियास, आम्हाला वेगळा बॉक्स दे.”

इलियास जरा थांबून म्हणाला, “बॉक्स कमी आलेत, सुधाकरभाऊ. जुन्या कनेक्शनला एकच मिळतोय. तुमचं आणि खालच्यांचं कनेक्शन कागदावर एकच आहे. दुसरा यायला महिना तरी जाईल.”

“महिना? आणि एक तारखेपासून काय भिंत बघू? मॅचा चालू होतायत!”

इलियास खाली आला. शालननं त्याला आत घेतलं, चहा दिला. मी कामावर जायच्या घाईत होतो. जाता जाता ऐकलं ते एवढंच, की बॉक्सच्या मागं वायर लावायला दोन जागा असतात. एकीला खालचा टीव्ही जोडायचा, दुसरीला लांब वायर लावून वरचा. फक्त रिमोट एकच. खाली जे लागेल तेच वर दिसणार.

“हे चालणार नाही,” मी चप्पल घालता घालता म्हणालो. “तो कशाला ऐकून घेईल?”

“महिन्याचा तर प्रश्न आहे,” शालन म्हणाली. “भिंत बघण्यापेक्षा बरं.”

सुधाकर दोन दिवस नाही म्हणाला. तिसऱ्या दिवशी मॅचांचं वेळापत्रक पेपरात आलं. मग त्यानं इलियासला फोन करून सांगितलं, महिनाभर चालवून घेऊ.

एकतीस तारखेला इलियासनं बॉक्स बसवला. मी कामावरून अर्धी सुट्टी काढली होती. डबी काढली, खांबावरची वायर सरळ बाहेरच्या खोलीत बॉक्सपर्यंत नेली, बॉक्समधून एक वायर टीव्हीला, दुसरी परत झरोक्यातून वर. निळा दिवा लागला. इलियासनं कार्डाचा नंबर फोनवर सांगितला. थांबा म्हणाला. आम्ही तिघं टीव्हीसमोर उभे. मला देवळात आरतीच्या आधी वाटतं तसं वाटत होतं. पडदा काळा झाला, आणि मग एकदम चित्र आलं. एक बाई वांग्याचं भरीत करत होती. मुंग्या नाहीत, दोन डोकी नाहीत. वांग्यावरचं तेल चकाकत होतं.

“अगं शालन, कोथिंबिरीचं पान बघ! पान न् पान दिसतंय!”

वरून धपधप आवाज आला. सुवर्णा ओरडली, “आलं! आमच्याकडं पण आलं!” आणि शालननं टाळ्या वाजवल्या, लहान मुलीसारख्या. तिला मी असं कधी बघितलं नव्हतं.

पण संध्याकाळी सात वाजले आणि खरी मजा सुरू झाली. मी बातम्या लावल्या. वरून फरशीवर ठक असा आवाज आला. मी दुर्लक्ष केलं. परत ठक. मग ठक, ठक, ठक.

“लाटणं आपटतोय,” मी म्हणालो. “बातम्या नको आहेत त्याला.”

“मग बदला.”

“का बदलू? सांगायचं असेल तर येऊन सांगावं.”

शालननं माझ्या हातातून रिमोट घेतला आणि एक चॅनेल पुढं गेली. वरून काही नाही. आणखी एक. काही नाही. ती बदलत राहिली. भजन गेलं, जाहिराती गेल्या, साड्या गेल्या. मग एका ठिकाणी वरून एकदा ठक आलं. हेच हवं म्हणून. पडद्यावर एक माणूस ऊस आणि हरभऱ्याच्या आंतरपिकाची माहिती देत होता.

“शेती?” मी म्हणालो. “याला गुंठाभर जमीन नाही!”

“चार वर्षं झाली,” शालन म्हणाली. “आवडायला लागली असेल.”

आठ दिवसांत पद्धत बसली. एकदा ठक म्हणजे सुवर्णाची मालिका, दोनदा म्हणजे मॅच, तीनदा म्हणजे शेती. सतत ठकठक म्हणजे जाहिरात चालू आहे, तोवर दुसरीकडं जा. आमच्याकडूनही उत्तर जायचं. मी काठीनं छताला एकदा टोचायचो, म्हणजे थांब जरा, आमचं चाललंय. शालनची आणि सुवर्णाची मालिका एकच होती. अर्धा तास दोन्ही मजल्यांवर शांतता असायची आणि मालिकेतली सासू बोलली की वर-खाली दोन्हीकडून बायका एकदम “मेली!” म्हणायच्या. गल्लीतल्या लोकांना हे कळलं. शेजारचे काळगे मला म्हणाले, “तुमच्या घरात आता काय, तारायंत्र बसलंय काय?”

मी एकदोनदा खोडी पण केली. दोनदा ठक आलं आणि मी मुद्दाम योगासनं लावली. वरून लाटण्याचा असा मारा झाला की छतातून पोपडा पडला. मी पोट धरून हसलो. वरूनही हसल्यासारखं ऐकू आलं, पण ते मी नक्की सांगू शकत नाही.

“हसताय काय,” शालन म्हणाली. “महिना संपत आला. दुसरा बॉक्स आला की लाटणं पण बंद.”

ती असं म्हणाली आणि माझं हसू गेलं. मला पहिल्यांदा कळलं की ते लाटणं बंद झालेलं मला चालणार नाही. पण कळून उपयोग काय? जिना चढून जायला पाय उचलत नव्हता. वर जाऊन म्हणणार काय होतो? छापखान्याचीच गोष्ट सांगणार होतो, जी मी सगळ्या गावाला सांगितली होती.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी मॅच होती. कुणाशी होती ते मला आता आठवत नाही, सुधाकरला विचारलं तर तो तारखेसकट सांगेल. दिवसाची मॅच, संध्याकाळी पाचच्या सुमाराला संपणारी. सकाळीच दोनदा ठक झालं होतं. मी रिमोट टीव्हीवर ठेवून दिला आणि कुणीही हात लावायचा नाही असं सांगितलं. शेवटी शेवटी गल्लीत चिटपाखरू नव्हतं. आपली बॅटिंग होती, शेवटची ओव्हर, आठ धावा हव्या होत्या. पहिला चेंडू वाया गेला. वरून पाय आपटल्याचा आवाज आला. मीही खाली पाय आपटला. दुसऱ्या चेंडूला चौकार. वर सुधाकर ओरडला, खाली मी ओरडलो. चार चेंडू, चार धावा. बोलर धावत निघाला.

आणि चित्र थिजलं.

बोलरचा एक पाय हवेत. मग त्याच्या तोंडाचे चौकोन झाले, चौकोन इकडं तिकडं सरकले आणि पडदा निळा. त्यावर इंग्रजीत काहीतरी लिहून आलं.

वरून लाटणं आपटलं. मी रिमोट दाबला. काही नाही. लाटणं आपटतच राहिलं, मग थांबलं, आणि मग जिन्यावर पाय वाजले. एकेक नाही, दोन-दोन पायऱ्या. दारात सुधाकर उभा. बनियन, लुंगी, हातात लाटणं.

“अण्णा! काय केलंस?”

चार वर्षांनी त्यानं मला अण्णा म्हटलं.

“मी काय केलं? आपोआप गेलं!”

“रिमोटवर बसला असशील!”

“रिमोट हातात आहे, दिसत नाही?”

“बॉक्स बंद करून चालू कर!”

“केला ना!”

“बघू, सरक. वायर ढिली असेल.”

तो गुडघ्यावर बसला आणि टीव्हीच्या मागं घुसला. मीही घुसलो. तिथं दोन माणसांना जागा नव्हती. माझं डोकं त्याच्या डोक्याला आपटलं. तो “आई गं” म्हणाला, मी “बैला, बाजूला हो” म्हणालो. आम्ही एकेक पिन काढून फुंकून परत घालत होतो. तो म्हणत होता पिवळी पिवळीत घाल, मी म्हणत होतो पिवळी पिवळीतच आहे. आणि तेवढ्यात बाहेर फटाके फुटले. एक माळ, मग दुसरी. गल्लीतली पोरं नाचत रस्त्यावर आली.

आम्ही दोघं टीव्हीच्या मागं, हातात वायरी धरून बसलेले. सुधाकर म्हणाला, “जिंकलो वाटतं.”

“वाटतं.”

“कुणी मारले असतील?”

“काय माहीत.”

तो उठला. लुंगी झटकली. लाटणं उचललं. त्याच्या लक्षात आलं की तो कुठं उभा आहे. तोंड परत भिंतीकडं वळायला लागलं. मला कळलं की हा आता जाईल, आणि गेला की मंगळवारी-बुधवारी दुसरा बॉक्स येईल.

“सुधाकर,” मी म्हणालो. “ते पत्रिकेचं प्रूफ मीच तपासलं होतं.”

तो थांबला.

“छापखान्यानं काही गाळलं नव्हतं. यादीच मी लिहून दिली होती. बाहेरच्यांची नावं आठवून आठवून लिहिली. तुझं लिहायचंच राहिलं. घरातल्याचं आठवावं लागत नाही ना, म्हणून राहिलं. प्रूफ आलं तेव्हा दोन माग बंद पडले होते. उभ्या उभ्या वाचलं आणि सही केली.”

“माहीत आहे,” सुधाकर म्हणाला.

“काय माहीत आहे?”

“मी छापखान्यात गेलो होतो, लग्नाच्या आधी चार दिवस. म्हटलं त्याला दोन शब्द ऐकवावे. त्यानं तुझ्या सहीचं प्रूफ काढून दाखवलं. खाली ‘बरोबर आहे’ असं लिहिलेलं, तुझ्या अक्षरात.”

मी खाटेवर बसलो.

“नाव राहिलं त्याचं काही नव्हतं, अण्णा. राहतं माणसाकडून. तू म्हणाला असतास की राहिलं, तर मी हसलो असतो. तू सगळ्या गावात छापखान्याचं नाव घेत फिरलास आणि मला पण तेच सांगितलंस. मी काय छापखानेवाला आहे?”

“चुकलं,” मी म्हणालो.

“एवढंच?”

“आणखी काय म्हणू? चुकलं. शरम वाटली म्हणून बोललो नाही. मग एवढे दिवस गेले की त्याचीच शरम वाटायला लागली.”

सुधाकर लाटणं एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिला. मग माझ्या शेजारी खाटेच्या काठावर टेकला. त्याच वेळी शालन आतून चहाचे कप घेऊन आली. म्हणाली, “भावोजी, सुवर्णाला हाक मारा. तिचा चहा गाळलाय.” जसं काही तो रोजच येत होता.

सुधाकरनं जिन्याकडं तोंड करून हाक मारली. सुवर्णा आली ती पदरानं डोळे पुसतच आली, आणि शालनला म्हणाली, “अक्का, पोहे आहेत का हो? सकाळपासून या मॅचपायी काही खाल्लं नाही यांनी.”

आम्ही पोहे खात होतो तेव्हा चित्र परत आलं. एकदम, झकास. कुणीतरी कप उंच धरला होता. मी लगेच म्हणालो, “बघितलंस? मी पिवळी पिन घट्ट बसवली म्हणून आलं.”

“मी बसवली,” सुधाकर म्हणाला. “तू लाल हलवत होतास.”

यावरून आम्ही पुढं कितीतरी वर्षं भांडलो. पाहुणे आले की प्रत्येक जण आपली पिन सांगायचा. मंगळवारी इलियास आला, बॉक्स उपलब्ध आहे म्हणाला, आणि सुधाकरनंच त्याला सांगितलं की राहू दे, चाललंय.

शालनला जाऊन आता तीन वर्षं झाली. तिच्या मूत्रपिंडाचं दुखणं निघालं, मिरजेच्या दवाखान्यात वरचेवर जावं लागायचं. चार-चार तास यंत्राला लावून ठेवत. मी शेजारी स्टुलावर बसायचो. तिला झोप येत नसे, मग ती बोलायची. एका दुपारी तिनं यंत्राकडं बघत विचारलं, “ही नळी ढिली झाली तर काय होतं?”

“असलं काय विचारतेस?”

“सहज. तेव्हा एक वायर मी ढिली केली होती.”

“कुठली वायर?”

“झरोक्यातली. इलियासनं बसवताना सांगितलं होतं, काकू, इथला जोड आहे त्याची घुंडी जरा फिरली तरी चित्र थिजेल, पुसताना जपा. मी ओट्यावर चढले आणि फिरवली.”

मला एकदम काही समजेना. मग समजलं. “शेवटच्या ओव्हरला?”

“मग काय आधी काढू? आधी काढली असती तर भावोजी काळग्यांच्यात जाऊन बघत बसले असते. पळत खाली यायला तेवढीच वेळ बरोबर होती. मी आतून ऐकत होते. आठ धावा म्हणाले तेव्हा चढले, चार म्हणाले तेव्हा फिरवली. तुम्ही बोललात, मग सावकाश परत घट्ट केली.”

“म्हणजे पिवळी पिन...”

“नाही हो, पिवळी नाही न् लाल नाही.” ती हसायला लागली. तिला हसताना धाप लागायची, नर्सनं लांबून बघितलं. “आणि जिन्यात भावोजींशी बोलायच्या आधीच इलियासनं दोन बॉक्स आणले होते. एक मी त्याला परत न्यायला लावला. त्याच्या तोंडून खोटं बोलायला लावलं, बिचाऱ्याच्या. सुवर्णाला पण यातलं काही माहीत नाही.”

मी तिचा हात धरून बसलो. हाताला सुया टोचून टोचून गाठी आल्या होत्या.

“सुधाकरला सांगू?”

“मी असेपर्यंत नको,” ती म्हणाली. “त्यांचे चार चेंडू माझ्यामुळं बुडालेत. मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.”

मी तिला दिलेला शब्द पाळला. ती गेल्यावरसुद्धा तीन वर्षं जीभ उचलली नाही. मग गेल्या आठवड्यात सुधाकर नेहमीसारखा संध्याकाळी खाली येऊन बसला. टीव्हीवर कुठलीतरी मॅच होती. त्यानं समोरच्या घरातून आलेल्या पोराला ती पिवळ्या पिनेची गोष्ट सांगायला सुरुवात केली. मी म्हणालो, थांब. आणि त्याला सगळं सांगितलं. ओटा, घुंडी, दोन बॉक्स, सगळं.

त्यानं रिमोट घेऊन टीव्ही बंद केला. मला वाटलं रागावला. मग चष्मा काढून त्यानं बनियनला पुसला.

“वहिनी असत्या तर भांडलो असतो,” तो म्हणाला. “चार चेंडू, अण्णा! आता कुणाशी भांडू?”

“माझ्याशी भांड.”

“तुझ्याशी भांडून बघितलंय,” सुधाकर म्हणाला. “चार वर्षं. त्यात काही मजा नाही.”